डेटाबेसचा परवाना : पैसे नेमके कशाचे?

सातारा-सांगलीकडच्या पतसंस्था, हळदीच्या अडती आणि साखर कारखाने यांचे हिशेब संगणकावर येऊन बराच काळ झाला. तरीही कोटेशनमध्ये ‘सर्व्हर लायसन्स’चा आकडा दिसला की संचालक मंडळ बिचकतं.

‘ॲक्सेस स्वस्त, सर्व्हर महाग’ हा पहिला गैरसमज. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस डेटाबेसचं रनटाइम फुकट मिळतं हे खरं, पण त्याची फाइल 2 जीबीला संपते आणि नोंद चालू असताना नेटवर्क तुटलं तर ती बिघडू शकते. मायक्रोसॉफ्टच्याच एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्तीही फुकटच आहे. तिच्या 2022 च्या आवृत्तीत प्रत्येक डेटाबेसला 10 जीबी मिळतात. लहान पतसंस्थेला एवढं पुष्कळ झालं.

‘सर्व्हर एकदा घेतला की कितीही जणांनी वापरावा’ हा गैरसमज मात्र फार महागात पडतो. स्टँडर्ड आवृत्तीत सर्व्हरच्या परवान्याशिवाय वापरणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा प्रत्येक यंत्रासाठी वेगळा परवाना, म्हणजे ‘कॅल’, लागतो. 2022 च्या आवृत्तीचे अमेरिकेतले जाहीर दर सर्व्हरला 989 आणि कॅलला 230 डॉलर असे होते. मध्ये वेब ॲप ठेवून सगळ्यांना एकाच लॉगिनने आत सोडलं, तरी कॅल कमी होत नाहीत.

माणूस मोजायचा की यंत्र, हे कामावरून ठरवावं. रेठरे बुद्रुकचा कृष्णा असो की साखराळ्याचा राजारामबापू, गाळप हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो. उसाच्या काट्यावर एकाच संगणकावर तीन पाळ्यांचे तीन लिपिक बसत असतील, तर यंत्रागणिक एक कॅल पुरतो. माणसागणिक तीन लागतात. शेती अधिकारी ऑफिसचा संगणक, लॅपटॉप आणि मोबाइल असं तिन्ही वापरत असेल, तर हिशेब नेमका उलटा.

तिसरा पर्याय सर्व्हरच्या प्रोसेसरमधल्या कोअरवर मोजणीचा. त्यात किमान 4 कोअर घ्यावे लागतात, 2022 च्या त्याच दरांनी 7,890 डॉलर. सर्व्हर आणि 30 कॅल मिळून 7,889 होतात. म्हणजे 4 कोअरच्या सर्व्हरवर तिसाच्या पुढे गेलात, की कोअरच स्वस्त.

‘फुकट ते कच्चं’ हेही खोटं. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसला परवाना शुल्क नाही, कॅलही नाही. रोजचा बॅकअप बघणारा जाणकार माणूस मात्र हवा. याउलट एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती फुकट असली, तरी प्रत्यक्ष कारभारासाठी वापरायला परवानगी नाही.

सही करण्याआधी आवृत्ती कोणती, कॅल किती आणि ते माणसांचे की यंत्रांचे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.