शाप, जनुक आणि जठराचा कर्करोग

न्यूझीलंडमधील एका माओरी कुळात सुमारे 30 वर्षांच्या अवधीत 25 माणसे जठराच्या कर्करोगाने दगावली. सर्वांत लहान रुग्णाचे वय अवघे 14 वर्षांचे होते. कुळातील काही जण याला शाप मानीत. इतरांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्यांनी ड्युनेडिन येथील ओटागो विद्यापीठाचे दार ठोठावले, आपली वंशावळ संशोधकांपुढे मांडली, रक्ताचे नमुने दिले. पॅरी गिलफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात उत्तर प्रसिद्ध केले. दोष होता सोळाव्या गुणसूत्रावरील सीडीएच-1 या जनुकात.

पेशींना परस्परांशी बांधून ठेवणारे प्रथिन हे जनुक घडविते. तो बंध तुटला की कर्कपेशी गाठ न धरता सुट्या सुट्या जठराच्या अस्तराखाली पसरतात. दुर्बिणीच्या तपासणीत त्या पुष्कळदा दिसतच नाहीत. माता-पित्यांपैकी एकात हा दोष असल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. ज्याच्यात तो उतरला नाही, तो या भयातून सुटतो; हा लाभ लहान नव्हे. ज्याच्यात उतरला, त्याला मात्र कोणताही त्रास होत नसताना संपूर्ण जठर काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. मग अन्ननलिका थेट आतड्यास जोडायची, जन्मभर थोडेथोडे खायचे आणि ब-12 जीवनसत्त्व बाहेरून घ्यायचे.

एवढा निर्णय ज्या आकड्यांवर घ्यायचा, ते तरी कितपत स्थिर आहेत? असा दोष असलेल्या पुरुषांपैकी 70 टक्क्यांना व स्त्रियांपैकी 56 टक्क्यांना वयाच्या ऐंशीपर्यंत हा रोग होतो, असा 2015 मधील अंदाज होता. 2019 मध्ये तो अनुक्रमे 42 व 33 टक्क्यांवर आला. जनुक तेच होते. पूर्वीची मोजणी रोगाने पोखरलेल्या कुटुंबांवर आधारलेली होती, एवढेच.

शिवाय अशी कुळे विरळाच. जठराच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत फार तर तिघांचा रोग असा सरळ वारशाने आलेला असतो. या रोगाचे मुख्य कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू होय. जनुक आणि जंतू यांची युती किती घातक ठरते, हे जपानमध्ये दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून 2023 मध्ये दिसून आले. जंतुसंसर्ग झालेल्यांत 85 व्या वर्षापर्यंत कर्करोगाचा संभव 14.4 टक्के आढळला. संसर्गाच्या जोडीला जनुकीय द्रव्याची दुरुस्ती करणाऱ्या काही जनुकांत दोष असेल, तर तो 45.5 टक्क्यांवर गेला.

वारसा बदलता येत नाही. जंतू मात्र श्वासाच्या किंवा मलाच्या साध्या तपासणीत सापडतो आणि दोनेक आठवड्यांच्या औषधांनी बहुधा नाहीसा होतो. ज्या घरात हा रोग एकदा येऊन गेला आहे, तेथे महागड्या जनुक-चाचणीचा विचार करण्यापूर्वी ही तपासणी सर्वांची झाली आहे काय, हे डॉक्टरांनीच विचारावयास हवे.