टाकीपासून नोझलपर्यंत

एप्रिल महिन्यातल्या कुठल्याही संध्याकाळी हातखंबा तिठ्यावर उभे राहिले, तर रत्नागिरीचे अर्थशास्त्र चाकांवरून जाताना दिसते. पावस-गोळपकडच्या बागांतून निघालेल्या पिकअप गाड्या, हौद्यात हापूसच्या पेट्या, वर ताडपत्री आणि दोरीचे आवळलेले वेढे. तिठ्यावर त्या डावीकडे वळतात आणि मुंबईची वाट धरतात. तीनशेहून अधिक किलोमीटर अंतर रात्रीच्या गारव्यात तोडायचे आणि सकाळी वाशीच्या बाजारात माल उतरवायचा. झाडावरून उतरलेले फळ कोणासाठी थांबत नाही. दिवसभर गाडी उन्हात अडकली तर आंब्याचा भाव पेटीतच उतरू लागतो.

यांतल्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हातच्या. आंब्याचा हंगाम सरला की त्याच गाडीतून चिरा जातो, मिरकरवाड्याला बर्फ जातो, गणपतीत मंडपाचे सामान जाते. म्हणजे एका गाडीवर एक घर चालते. बँकेत असताना अशा वाहनांच्या नजरगहाणाचे कागद मी खूप पाहिले. चेसिस नंबर, इंजिन नंबर, विम्याची तारीख, हप्त्याचा दिवस, सगळ्याला रकाने होते. टाकीच्या तळाशी साठलेल्या गंजाला मात्र रकाना नव्हता. आणि हप्ता थकण्याचे मूळ पुष्कळदा त्या गंजात असे.

आपल्याकडे ‘पिकअप’ शब्दाला दोन अर्थ. एक ही गाडी, आणि दुसरा तिचा जोर. ‘पिकअपला पिकअप नाही’ अशी तक्रार गॅरेजात रोज ऐकू येते. घाट चढताना गाडी दम तोडते, मध्येच मिसिंग करते, थांबली की पुन्हा सुरू होत नाही. मग कोणीतरी जाणत्या सुरात सांगतो, “पंप गेला.” हे दोन शब्द ऐकले की मालकाच्या पोटात गोळा येतो. पंप उतरवून टेस्टिंगला टाकायचा म्हणजे हजारोंचा मामला आणि भर हंगामात दोन-तीन दिवसांची खोटी. पंप खरोखर जातोही. पण त्याच्या आधी डिझेलच्या वाटेवर पाच-सहा ठिकाणे लागतात आणि ती सगळी पंपापेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत. ही वाट घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ठिणगीवाचून पेटणारी आग

पेट्रोलच्या इंजिनात प्लगची ठिणगी इंधन पेटवते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. दट्ट्या सिलिंडरमधली हवा इतकी दाबतो, की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९३ मध्ये या कल्पनेचे पेटंट मिळवले आणि १८९७ मध्ये इंजिन चालवून दाखवले. पण तो इंधन आत फुंकायला दाबलेली हवा वापरत असे आणि त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसर इतका अवजड, की असले इंजिन मोटारगाडीत बसवणे अवघडच. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून १९२७ पासून छोटे इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले, तेव्हा कुठे डिझेल ट्रक सर्रास रस्त्यावर आले. भारतात त्याच परिवारातली ‘मायको’ कंपनी १९५१ मध्ये बंगळूरला उभी राहिली. तिच्या नाशिकच्या कारखान्यातली नोझले महाराष्ट्रातल्या मेकॅनिकांच्या चांगल्या परिचयाची. कंपनीचे नाव २००८ मध्ये बदलून ‘बॉश’ झाले, तरी नाशिकचे मायको सर्कल नावाने मायकोच राहिले.

टाकी आणि तिचे झाकण

वाट सुरू होते टाकीपासून. रत्नागिरीत वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवा बारमाही खारी. अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी पावसाळाभर उभी राहिली, की आतल्या दमट हवेतले पाणी पत्र्यावर धरते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसते. तिथेच गंज धरतो आणि डिझेल ओढणाऱ्या नळीचे तोंडही तिथेच असते. टाकीच्या तळाचा बोल्ट काढून तो गाळ वर्षातून एकदा तरी सोडून द्यायला हवा.

झाकणालाही एक काम आहे. डिझेल कमी होईल तशी बाहेरची हवा आत यावी, म्हणून त्याला किंवा टाकीला बारीक वाट ठेवलेली असते. ती चिखलाने बुजली की टाकीत पोकळी होते, डिझेल पुढे सरकत नाही आणि चालती गाडी मरते. झाकण सैल करताच ‘सूंऽऽ’ आवाज आला आणि गाडी पुन्हा चालू लागली, तर रोग सापडला म्हणून समजावे. औषध एक टाचणी.

हवा घेतलान!

टाकीतून डिझेल खेचून आणतो तो फीड पंप. टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा, आणि इथेच भल्याभल्यांची फसगत होते. पुढच्या, दाबाच्या बाजूला पाइप गळला तर डिझेल ठिबकते आणि डाग दिसतो. ओढीच्या बाजूला चीर पडली तर इंजिन चालू असताना बहुधा काहीच ठिबकत नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. जुन्या रबरी पाइपला पडलेली बारीक भेग, सैल क्लिप, चेपलेले तांब्याचे वॉशर, एवढे कारण पुरते. हवा दाबली जाते, पण डिझेल दाबले जात नाही. त्यामुळे नळीत हवा असली की पंपाचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यात वाया जातो आणि नोझल उघडतच नाही. आपल्याकडचा मेकॅनिक अशा वेळी म्हणतो, “गाडीन् हवा घेतलान!” निदान अचूक असते.

ही हवा काढण्यासाठी जुन्या गाड्यांना हातपंप असतो, काहींत फीड पंपावर, काहींत फिल्टरच्या डोक्यावर. फिल्टरचा ब्लीड स्क्रू सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की स्क्रू आवळायचा आणि पुढे मोठ्या पंपाच्या स्क्रूशी तेच करायचे. मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा धरली तर नुसती हवा काढत बसू नये, ती शिरते कुठून ते शोधावे. अनुभवी कारागीर तिथे तात्पुरती पारदर्शक नळी जोडतो. बुडबुडे डोळ्यांना दिसले की वादच मिटतो.

गाळणे, पंप आणि नोझल

फिल्टर म्हणजे कागदी घड्यांचे गाळणे. ते तुंबले की सपाटीवर गाडी बरी चालते, पण चढावर भरलेल्या हौद्यानिशी जास्त डिझेल लागते तेव्हा दम टाकते. ‘गाडी घाटातच मरते’ या तक्रारीत पहिला संशयित हाच. काही गाड्यांत सोबत पाणी वेगळे करणारी वाटी असते. पावसाळ्यात तिच्यातले पाणी आठवड्याला सोडणे चांगले.

इतक्या सोवळ्याओवळ्याचे कारण पुढे आहे. मोठ्या पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात जागा असते दोन-तीन मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ५० ते ८० मायक्रॉन जाड. इतक्या अरुंद जागेत वंगण म्हणून डिझेलच असते. म्हणूनच पाणी किंवा रॉकेलची भेसळ पंपाला आतून खाते. रोटरी पंपावर एक छोटा सोलेनॉइडही असतो. त्याची वायर निसटली तर डिझेल बंद आणि गाडी ढिम्म, हेही ‘पंप गेला’ म्हणण्याआधी पाहावे.

शेवटी नोझल. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार दाबाची हवा असते, तर जुन्या इंजिनातले नोझल १०० ते २५० बारच्या दरम्यान कुठेतरी उघडते आणि डिझेलचे धुके उडवते. ते झिजले की धुक्याऐवजी थेंब पडतात. या फवाऱ्यापुढे बोट कधीही धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो. वरून टाचणीएवढी जखम दिसते, पण हात गमावण्याची पाळी येऊ शकते. असे झालेच तर हळद न भरता तडक इस्पितळ गाठावे.

धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर आधी पाहावा, मग नोझल. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल तर न जळलेले डिझेल किंवा पाणी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. त्याचा दोष डिझेलच्या वाटेला देऊ नये.

हाताने वाचता येणारे यंत्र

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आले. त्यात गंधक दहा लाख भागांत फार तर १० भाग. त्याबरोबर आलेल्या नव्या गाड्यांत कॉमन रेलचा दाब हजार-दीड हजार बारच्या घरात, आणि कारभार संगणकाकडे. त्यांचा धूर कमी, हे हिताचेच. पण त्या बंद पडल्या की स्कॅनर आणणाऱ्याची वाट पाहावी लागते, आणि त्यांच्या नळ्या रस्त्यावर सैल करण्याचा उद्योग कोणी करूही नये. जुनी पिकअप मात्र पाना, चिंधी आणि थोडा धीर एवढ्यावर वाचता येते. ज्याच्या घरी दुसरी गाडी घेण्याची ऐपत नाही, त्याच्या दृष्टीने हा गुण लाखमोलाचा.

शेवटच्या पेट्या रवाना झाल्या की घरातल्या जाणत्या माणसाने दोन-तीन कामे उरकावीत. टाकीचा गाळ सोडावा, फिल्टर बदलावा, रबरी पाइप वाकवून भेगा पाहाव्यात आणि टाकी काठोकाठ भरून मगच गाडी पडवीखाली लावावी. भरल्या टाकीत दमट हवेला जागाच उरत नाही. आणि तरीही पुढच्या हंगामात कोणी बॉनेट उघडण्याआधीच “पंप गेला” म्हणालाच, तर घाबरून खिशात हात घालू नये. शांतपणे एवढेच विचारावे, “दादा, टाकी उघडून बघितलीत का?”