आधी कोण देणार? वेबसाइटची विक्री आणि एस्क्रो

मागच्या वेळी आपण वचनाविषयी बोललो. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं विचारलं, ‘सर, माझी वेबसाइट विकतोय. गिऱ्हाईक परदेशातलं आहे, एस्क्रोनं पैसे देतो म्हणतंय. चालेल का?’ प्रश्न व्यवहारातला आहे, पण त्याच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलाय. म्हणून आज तोच घेऊ.

१७४० साली प्रसिद्ध झालेल्या भागात ह्यूम दोन शेजारी शेतकऱ्यांचं उदाहरण देतो. एकाचं पीक आज कापणीला आलंय, दुसऱ्याचं उद्या येईल. आज मी मदत केली तर उद्या तू येशील कशावरून? या शंकेपायी कुणीच कुणाकडे जात नाही आणि दोघांचंही पीक वाया जातं. वेबसाइट विकणाऱ्याचं तेच होतं. आधी वेबसाइट दिली तर पैसे बुडायची भीती, आणि आधी पैसे द्यायला समोरचा तयार नाही.

अशा वेळी दोघांनाही मान्य असलेला तिसरा लागतो. रक्कम त्याच्याकडे जमा होते, मग विकणारा माल देतो, घेणारा तपासून होकार देतो, आणि नंतर पैसे सुटतात. कल्पना नवी नाही बरं का. आपल्या धर्मशास्त्रानं वादाची जी अठरा पदं सांगितली, त्यात ऋणादानानंतर लगेच निक्षेप, म्हणजे विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू, येतो. ठेव सांभाळणाराच ती गिळंकृत करतो, हा अनुभव तेवढाच जुना!

म्हणजे एस्क्रोनं विश्वासाची गरज संपत नाही. ती गिऱ्हाइकावरून मध्यस्थावर सरकते, एवढंच. आणि ठकसेन नेमकं तिथंच गाठतात. गिऱ्हाईक स्वतःच ‘अमुक एस्क्रो वापरू’ म्हणतं, लिंक पाठवतं, साइट झकपक दिसते, आणि ती त्याचीच असते. तेव्हा मध्यस्थ आपण निवडायचा, पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करायचा. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात इंटरनेटवरून एस्क्रोचा धंदा करायला सरकारी परवाना लागतो, आणि तो संबंधित खात्याच्या साइटवर तपासता येतो. तपासायला पाच मिनिटं लागतात, पण लोक ती देत नाहीत.

दुसरं, ‘पैसे जमा झाले’ असा ईमेल आला म्हणजे पैसे आले असं नव्हे. ईमेल कुणाच्याही नावानं पाठवता येतो. स्वतः लॉगिन करून रक्कम जमा झालेली दिसेपर्यंत डोमेनचा ऑथ कोड द्यायचा नाही, पासवर्ड तर नाहीच.

आता खरी गोम. गाय विकली आणि सौदा फिसकटला तर गाय परत येते. वेबसाइटचं तसं नाही. डोमेन नाव परत मिळेल, पण मजकूर, कोड, डेटाबेस यांची नक्कल घेणाऱ्याकडे राहू शकते. पैसे अडकवून ठेवता येतात, एकदा पाहिलेलं ज्ञान मात्र परत घेता येत नाही. म्हणून हिशेब, भेटींचे आकडे आधी स्क्रीनवर दाखवावेत. कोड आणि डेटाबेस रक्कम जमा झाल्यावरच द्यावा, आणि सौदा मोडल्यास नक्कल वापरायची नाही हे करारात यावं.

‘वेबसाइट दिली’ म्हणजे काय काय दिलं, हेही लिहून ठेवा: डोमेन, फाइल्स, ग्राहकांची यादी, सोशल मीडियाची खाती. आमच्या मते निम्मी भांडणं इथंच जन्मतात. तपासणीची मुदत किती दिवसांची, नकार कोणत्या कारणानं देता येईल, एस्क्रोचं शुल्क कोण भरणार, हेही त्यातच.

आणि डोमेन शक्यतो त्याच रजिस्ट्रारकडे घेणाऱ्याच्या खात्यात हलवा. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेलं, तर आयकॅनच्या नियमांमुळे पुढचे ६० दिवस ते सहसा पुन्हा दुसरीकडे नेता येत नाही. सौदा मोडला तर तेवढे दिवस नाव तिकडेच अडकतं.