काझिमिएझ डोल्नीची भिंत

पोलंडमध्ये व्हिस्तुला नदीच्या काठी वसलेल्या काझिमिएझ डोल्नी या गावी, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा अंमल बसल्यावर, यहुदी दफनभूमीतील कोरीव स्मृतिशिला उखडण्यात आल्या आणि गेस्टापोने कचेरीसाठी ताब्यात घेतलेल्या मठाच्या आवारात त्यांची फरसबंदी करण्यात आली. मृतांची नावे वाहणाऱ्या त्या पाषाणांवरून लष्करी बुटांची वर्दळ सुरू झाली.

युद्धोत्तर काळी हाती आलेल्या त्या शेकडो भग्न शिलांतून वास्तुविशारद टाडेउश ऑगस्टिनेक यांनी १९८४ साली दफनभूमीच्या जागीच एक उंच भिंत उभारली, आणि तिला वरपासून खालपर्यंत चिरत जाणारी एक वेडीवाकडी भेग बुद्धिपुरस्सर राखली. त्या भेगेतून आरपार गेले की मागच्या झाडीत उरलेल्या तुरळक शिला दिसतात. भग्नाला अखंडत्वाचा आभास देण्याचा मोह, जो अशा प्रसंगी भल्याभल्यांना आवरत नाही, तो त्यांनी कटाक्षाने टाळला, हीच मला या कृतीची खरी थोरवी वाटते.

भिंत जवळून निरखावी. शब्बाथचे, म्हणजे यहुद्यांच्या साप्ताहिक विश्रांतीदिनाचे, दीप उजळणे हे गृहिणीचे कर्तव्य, म्हणून स्त्रियांच्या शिलांवर दीपदाने कोरलेली, त्यांतील एखादी मेणबत्ती अकाली मोडलेली. लेवी, म्हणजे मंदिरसेवक घराण्याच्या शिलेवर पुरोहितांच्या हातांवर पाणी घालण्याची झारी. आणि कोहेन, म्हणजे पुरोहितकुळातील पुरुषाच्या शिलेवर, आशीर्वादासाठी उचललेले दोन हात. पोलंडला जाणाऱ्या मराठी प्रवाशांनी क्राकोव्ह-वॉर्सावरच न थांबता या भिंतीसाठी सवडीने एक दिवस राखावा, ही आग्रहाची विनंती.