'किल्ला'पाशी मूल का अडतं?

दुसरीतलं मूल 'घर', 'कमळ' भराभर वाचतं आणि 'किल्ला' आला की अडतं. लगेच 'लक्षच नाही' म्हणू नका. 'कि'ची वेलांटी लिहिताना आधी येते, उच्चारात नंतर; वर पुढे 'ल्ल' हे जोडाक्षर. इंग्रजीत २६ अक्षरं. आपल्याकडे बाराखडी, जोडाक्षरं धरून शेकडो आकार. कन्नडची लिपीही अशीच घडलेली. सोनाली नाग यांच्या २००७ सालच्या अभ्यासात कन्नड मुलांची अक्षरओळख चौथीपर्यंत चालूच असलेली दिसली.

म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना नको. आपलंच मूल तीन महिन्यांपूर्वी कुठे अडत होतं ते आठवा. पुढे सरकलंय? मग वेळ द्या. तिथेच अडकलंय? मग वाट बघत बसू नका, बाईंशी बोला.