ज्वारीवरील काळेपणा: माती, बुरशी की काणी?

अहिल्यानगरच्या आडते बाजारात ज्वारीची वानगी तळहातावर घेतली की अनुभवी व्यापाऱ्याची दृष्टी प्रथम दाण्याच्या रंगाकडे जाते. दाणा काळवंडलेला दिसला की भाव उतरतो. परंतु तो काळेपणा मातीचा, बुरशीचा की काणीचा, याची विचारणा क्वचितच होते. वास्तविक या तिन्हींचे परिणाम सर्वस्वी भिन्न आहेत, आणि ४०० पट मोठे दाखविणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते वेगळे ओळखता येतात.

पारदर्शक चिकटपट्टी काळ्या भागावर हलकेच दाबावी आणि काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबावर चिकटवावी. मातीचे कण लगेच ध्यानात येतात: कडा टोकदार, आकार वेडेवाकडे, कोणी लहान तर कोणी थोर. बुरशीच्या बीजाणूंत मात्र एका साच्यातून काढल्यासारखी एकरूपता असते. दाणे काणीचे बीजाणू गोलसर, तपकिरी आणि अवघे ५ ते ९ मायक्रॉन व्यासाचे. एका मिलिमीटरच्या रेषेत शंभराहून अधिक मावतील. लांब काणीचे बीजाणू घट्ट गोळ्या करून राहतात. पावसात भिजलेल्या खरीप ज्वारीवर आढळणाऱ्या कर्व्हुलॅरिया बुरशीचा बीजाणू किंचित वाकलेला, चार कप्प्यांचा, त्यांतील मधला एक फुगीर व अधिक गडद. हा आकार एकदा पाहिला की विसरत नाही.

मोकळी काणी व दाणे काणी यांचे बीजाणू मात्र जवळजवळ सारखेच दिसतात. तेथे कणीस पाहिल्यावाचून निर्णय देऊ नये.

माती चाळणीने व पाखडण्याने जाते. काणीची गोष्ट निराळी. दाण्याच्या जागी भरलेली काळ्या भुकटीची पिशवी मळणीत फुटते व निरोगी दाण्यांना माखते. असे धान्य पेरले की बीजाणू बियाण्याबरोबरच रुजतो, कोवळ्या रोपात शिरतो आणि थेट कणसात प्रकट होतो. जामखेड-कर्जतकडील शेतकरी आपल्याकडून बियाण्यासाठी ज्वारी नेत असेल, तर किलोमागे ४ ग्रॅम गंधकाची बारीक भुकटी चोळण्यास त्याला अवश्य सांगावे. शंकास्पद नमुन्यासाठी राहुरीचे, १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ जवळच आहे.

बुरशीने दाणाच पोखरलेला असेल, तर चाळून वा धुऊन तो सुधारत नाही. शिवाय बीजाणू दिसला तरी बुरशीचे विष दिसत नाही. त्यास रासायनिक परीक्षणच हवे. म्हणून असे पोते चांगल्या मालात मिसळून खपविण्याचा मोह टाळावा.