मुलगी आहे हे सिद्ध करा! महिला बॉक्सिंगची नवी चाचणी आणि आपल्या मुली

जिल्हा पातळीवरच्या एका शालेय स्पर्धेला आम्ही म्हसळ्याहून मुली घेऊन गेलो होतो. ज्युडोत आमच्या नववीतल्या मुलीने पहिल्या दोन लढती मिनिटभरातच संपवल्या. मुलगी उंच, खांदे रुंद, आवाज जरा जाड, ओठावर थोडी लव. दुसरी लढत झाली आणि समोरच्या मुलीचे पालक मॅटजवळ येऊन ओरडू लागले, “ही मुलगीच आहे का ते आधी तपासा!” आयोजकांपैकी एकाने वाद मिटावा म्हणून आम्हाला हळूच सुचवलं, बाजूच्या खोलीत न्या, कोणीतरी बाई बघून घेईल.

आम्ही साफ नकार दिला. जन्मदाखला दाखवला, आधार दाखवलं, शाळेचा बोनाफाईड दाखवला. तिला खेळू दिलं, पण तिसरी लढत ती हरली. डोळ्यांत पाणी असताना पकड जमत नाही. रात्री कुवेतवरून तिच्या अब्बांचा फोन आला, “मुलगी आता खेळायला जाणार नाही.” आणि दुसऱ्या दिवशी अम्मीने शाळेत येऊन, दार लोटून घेऊन, आम्हाला विचारलं, “ते ऑलिम्पिकमधल्या अल्जीरियाच्या पोरीसारखं काही असतं का? आमच्या मुलीला तपासायला लागेल का?”

त्या माऊलीला आम्ही जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो आहोत, कारण हा प्रश्न एका घराचा नाही.

अल्जीरियाची पोरगी म्हणजे इमान खलीफ. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी इटलीची अँजेला कारिनी तिच्यासमोर ४६ सेकंदांत लढत सोडून निघाली आणि जगभर गदारोळ झाला. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या आठवड्यात दोन प्रकारचे मेसेज फिरत होते. एक, “पुरुषाला बाईच्या रिंगमध्ये उतरवलं.” दुसरा, “मुसलमान बहीण आहे म्हणून छळताहेत.” दोन्ही मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी बातमी पूर्ण वाचली होती, देव जाणे. खलीफ लिंग बदललेली व्यक्ती नाही. ती मुलगी म्हणूनच जन्माला आली, मुलगी म्हणूनच वाढली, मुलगी म्हणूनच खेळली. ट्रान्सजेंडर खेळाडूंचा प्रश्न वेगळा आणि हा वेगळा; दोन्हींची खिचडी केली की काहीच समजत नाही.

ही गोष्ट सुरू झाली ती पॅरिसला नव्हे, आपल्या दिल्लीत. मार्च २०२३ मध्ये तिथे महिलांची जागतिक बॉक्सिंग स्पर्धा होती. महाराष्ट्राच्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबादची निखत झरीन हिने त्याच स्पर्धेत आपलं दुसरं जागतिक सुवर्ण जिंकलं. आणि त्याच स्पर्धेत, अंतिम लढतीच्या काही तास आधी, खलीफला बाद केलं गेलं. तैवानची लिन यू-तिंग हिचं कांस्यही काढून घेतलं. तेव्हाची संघटना आयबीए म्हणाली की चाचणीत त्या पात्र ठरल्या नाहीत. चाचणी नेमकी कसली, अहवालात काय, यावर संघटनेचे लोक वेगवेगळं बोलत राहिले. ऑलिम्पिक समितीने या निर्णयाला अचानक आणि मनमानी म्हटलं. त्याच वर्षी जूनमध्ये कारभार आणि पैशांच्या प्रश्नांवरून समितीने आयबीएची मान्यताच काढली. म्हणून पॅरिसमध्ये पासपोर्टवर स्त्री लिहिलेलं असणं पुरेसं ठरलं, आणि खलीफ व लिन दोघींनी सुवर्ण जिंकलं. बरं, खलीफ कधी हरतच नव्हती असंही नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ती हरली, २०२२ च्या इस्तंबूलच्या जागतिक अंतिम लढतीतही हरली.

आता मूळ मुद्दा. शाळेत आपण शिकवतो, मुलगी असेल तर एक्सएक्स, मुलगा असेल तर एक्सवाय. दहावीच्या परीक्षेला एवढं चालतं. प्रत्यक्षात थोड्या बाळांमध्ये ही वाढ वेगळ्या वाटेने जाते. कोणाच्या पेशींत वाय गुणसूत्र असतं पण शरीर पुरुषी संप्रेरकाला, म्हणजे टेस्टोस्टेरॉनला, दादच देत नाही; ती बाहेरून पूर्णपणे स्त्री असते आणि त्या संप्रेरकाचा तिला खेळात काही फायदा होत नाही. कोणाच्या बाबतीत जन्मावेळी दाई मुलगी सांगते, पण वयात येताना शरीरात मुलासारखे बदल होतात, स्नायू आणि हाडं तशी भरतात. अशा खेळाडूला फायदा मिळू शकतो. बाहेरून बघून, आवाज ऐकून, लव मोजून यातलं काहीही कळत नाही. आणि यात त्या मुलीचा कसूर तर काहीच नसतो.

तरी नियम हवाच का? आमच्या मते हवा, आणि लढतीच्या खेळात जास्त हवा. धावण्यात अन्याय झाला तर पदक जातं. बॉक्सिंगमध्ये नाक फुटतं, मेंदूला मार बसतो. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये थोड्या स्त्री-पुरुषांवर एक प्रयोग केला. ठोसा मारण्याच्या हालचालीत पुरुषांची ताकद सरासरी १६२ टक्क्यांनी जास्त निघाली. धावण्यातला फरक साधारण १० ते १२ टक्क्यांचा असतो. वजनगट सारखा ठेवला तरी हा फरक पुसला जात नाही. (हे आकडे सर्वसाधारण स्त्री-पुरुषांचे आहेत, खलीफसारख्या खेळाडूंचे नव्हेत, हे मात्र बहुतेक जण सांगायला विसरतात.) म्हणजे महिलांचा वेगळा गट ही मेहरबानी नाही. तो नसता तर निखतला कोणी ओळखलंही नसतं.

पण नियम राबवणाऱ्यांचा इतिहास काळजी वाटावी असाच आहे. १९६६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत महिला खेळाडूंना डॉक्टरांसमोर विवस्त्र उभं केलं गेलं. पुढे १९६८ पासून ऑलिम्पिकमध्ये गुणसूत्रांची तपासणी आली. १९८५ मध्ये स्पेनची अडथळ्यांची धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो त्यात नापास झाली. तिचं शरीर टेस्टोस्टेरॉनला दाद देत नव्हतं, म्हणजे फायदा शून्य, तरी नाव सगळ्या वर्तमानपत्रांत. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ३ हजारांहून अधिक महिलांपैकी ८ जणींचा अहवाल वेगळा आला आणि आठही जणींना खेळू दिलं. त्यानंतर १९९९ मध्ये ऑलिम्पिक समितीने ही सरसकट तपासणी बंद केली.

आपल्याकडचं उदाहरण तामिळनाडूच्या शांती सौंदराजनचं. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्य, आणि काही दिवसांत चाचणीत नापास म्हणून पदक परत. वीटभट्टीवर राबणाऱ्या आई-बापांची मुलगी. तिचं खाजगीपण टीव्हीवर वाटलं गेलं. २०१४ मध्ये ओडिशाच्या द्युती चंदला संप्रेरकांच्या कारणावरून राष्ट्रकुल स्पर्धेतून वगळलं, तेव्हा ती गप्प बसली नाही. खेळांच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली आणि जुलै २०१५ मध्ये तो नियमच स्थगित करून घेतला.

कुस्तीचा विषय निघाला की आम्हाला हमीदा बानू आठवतात. मूळच्या मिर्झापूरच्या, १९४०-५० च्या दशकांत देशभर पुरुष पैलवानांशी लढलेल्या, आणि उतारवयात आपल्या कल्याणला राहिलेल्या. १९५४ मध्ये बडोद्याला बाबा पैलवानाला त्यांनी १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. कोल्हापुरात पुरुषाला हरवल्यावर लोकांनी दगड मारले, पोलीस बोलवावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती होऊ शकली नाही. त्यांनी थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. महिलांचा गट नव्हता म्हणून हमीदांना पुरुषांशी लढावं लागलं. महिला महाराष्ट्र केसरी सुरू व्हायला मार्च २०२३ उजाडलं, सांगलीत. गट असणं आणि नसणं यातला फरक एवढा मोठा आहे.

आता नवा नियम. ऑलिम्पिकने मान्य केलेल्या वर्ल्ड बॉक्सिंग या संघटनेने ३० मे २०२५ रोजी चाचणी सक्तीची जाहीर केली. गालाच्या आतून किंवा नाकातून कापसाचा बोळा फिरवतात, लाळ किंवा रक्तही चालतं, आणि त्यात एसआरवाय हे वाय गुणसूत्रावरचं जनुक शोधतात. वय १८ च्या वरच्या खेळाडूंसाठी. चाचणी करून घ्यायची जबाबदारी त्या-त्या देशाच्या संघटनेची. जनुक सापडलं तर प्रकरण तज्ज्ञ डॉक्टरांकडे जातं आणि अपिलाची सोय आहे. अॅथलेटिक्समध्येही १ सप्टेंबर २०२५ पासून अशीच, आयुष्यात एकदाच करायची चाचणी आली. लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत सप्टेंबर २०२५ मध्ये ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लागू झाली. तिथे आपल्या जास्मिन लंबोरिया आणि मीनाक्षी हुडा यांनी सुवर्ण आणलं. फ्रान्सच्या महिला संघाला मात्र अहवाल वेळेत न पोहोचल्यामुळे घरी परतावं लागलं. दोष कागदाचा, भरपाई खेळाडूंची. खलीफ २०२५ मध्ये या नियमाविरुद्ध लवादाकडे गेली.

चाचणी पूर्वीपेक्षा बरी आहे, कपडे उतरवायला लागत नाहीत. तरी एसआरवाय जनुक शोधणारे शास्त्रज्ञ अँड्र्यू सिंक्लेअर स्वतःच सांगतात की हे जनुक आहे एवढंच त्यातून कळतं. ते काम करतं का, शरीराला फायदा मिळतो का, हे कळत नाही. म्हणून आमचं म्हणणं असं की बोळा ही सुरुवात असावी, निकाल नव्हे. आणि गुप्तता. वर्ल्ड बॉक्सिंगने आपला नियम जाहीर करतानाच खलीफचं नाव घेतलं आणि मग अध्यक्षांना माफी मागावी लागली. पहिल्याच दिवशी!

आपल्या फिकहच्या किताबांत, शाफई असो वा हनफी, खुन्सा या नावाने स्वतंत्र चर्चा आहे. मिरासमध्ये हिस्सा किती, नमाजात सफ कुठली, हे शेकडो वर्षांपूर्वी उलेमांनी बसून सोडवलं. शरीराच्या खुणा बघून ठरवायचं, ठरत नसेल तर सावधपणे मधला मार्ग काढायचा. त्या माणसाला मआशऱ्याबाहेर काढा असं कोणी लिहिलं नाही. परदापोशी तर आपल्याला लहानपणापासून शिकवतात. मग तोच मेसेज पंधरा ग्रुपवर टाकताना ती कुठे जाते?

त्या अम्मीला आम्ही तीन-चार गोष्टी सांगितल्या. शालेय वयात वर्ल्ड बॉक्सिंगची ही चाचणी लागत नाही. मैदानावर किंवा बाजूच्या खोलीत कोणालाही मुलीचं शरीर बघू द्यायचं नाही. कागद मागितले तर कागद द्यायचे, तक्रार असेल तर लेखी घ्या म्हणायचं. लव, पुरळ, पाळी मागेपुढे होणं हे पीसीओडीमध्येही होतं, बऱ्याच मुलींना होतं, आणि त्याने एसआरवाय चाचणी बदलत नाही, कारण ती जनुकाची आहे, संप्रेरकाची नाही. मात्र १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी आलीच नसेल तर खेळ असो नसो, चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायचं, लपवायचं नाही. आणि उद्या मुलगी राष्ट्रीय पातळीवर जाणार असं दिसलं, तर स्पर्धेच्या गर्दीत कळण्यापेक्षा आधी घरच्या घरी, डॉक्टरांकडून शांतपणे कळलेलं बरं.

मुलगी अजून मॅटवर आलेली नाही. परवा अम्मी शाळेत कशासाठी तरी आली होती, जाताना विचारलं, सरावाची वेळ तीच आहे का. आम्ही म्हटलं, तीच, सकाळी साडेसात.